शटर खाली ओढू नका

(संस्था आणि लोकांचा विश्वास या विषयावरच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं. उत्तरं देणाऱ्या ताई तेहतीस वर्षं जनसंपर्क अधिकारी होत्या. सुरुवात एका रासायनिक कारखान्यात, मग दूध संघात आणि २००० पासून निवृत्तीपर्यंत एका नागरी सहकारी बँकेत.)

प्रश्न : ताई, नमस्कार. मी एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या तालुक्यातली एक पतसंस्था बंद पडली. तिचा आमच्याशी काही संबंध नाही. पण गेल्या आठवड्यात गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आता यांचा नंबर, ठेवी काढून घ्या' असा मजकूर फिरला. सोमवारी चौदा जण मुदत ठेव मोडायला आले, मंगळवारी चाळीस. चेअरमनसाहेब म्हणतात, आपण बोललो तर अफवेला पाय फुटतील, गप्प बसा. पोलिसांत अर्ज दिला आहे. पुढे काय करू?
— एक शाखाधिकारी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : मासिक छापून येईपर्यंत थांबण्याची ही वेळ नव्हती, म्हणून तुमचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला. तेव्हा बोलले तेच इथे सविस्तर लिहिते, कारण अशाच अडचणीत सापडलेल्या आणखी दोघांची पत्रं माझ्यासमोर आहेत.

फोनवर मी पहिला प्रश्न विचारला होता, पैसे आहेत ना? तुम्ही म्हणालात, आहेत, जिल्हा बँकेत गुंतवणूक आहे आणि थकबाकी आटोक्यात आहे. हे खरं असेल तरच पुढचं सगळं वाचा. खरं नसेल तर आजच सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे जा आणि सगळं सांगा. तिथे माझ्या व्यवसायाचं काही काम नाही. पीएमसी ही मुंबईची सहकारी बँक आठवा. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि सुरुवातीला ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची मुभा दिली. पुढे ही मर्यादा वाढत गेली. पण एका बांधकाम समूहाला दिलेली कर्जं बँकेने वर्षानुवर्षं लपवली होती. अशा ठिकाणी उत्तम निवेदन लिहून देणारा माणूस ठेवीदाराचं नुकसानच करतो. त्याच्या शब्दावर विसंबून चार जण पैसे आतच ठेवतात.

आता चेअरमनसाहेबांबद्दल. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पारावर दोघं काही कुजबुजले म्हणून फलक लावायचा नसतो. पण पहिला माणूस ठेव पावती घेऊन काउंटरवर आला की ती कुजबुज राहत नाही. चाळीस जण येऊन गेले म्हणजे चाळीस घरांत त्या रात्री तुमच्याबद्दल बोलणं झालं आणि त्यात तुमची बाजू मांडायला कोणीही नव्हतं.

माझा अनुभव सांगते. मार्च २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक कोसळली. तिचा आमच्या बँकेशी काडीचा संबंध नव्हता, पण 'सहकारी बँक' हे दोन शब्द सारखे होते. आमच्या बाजारपेठेतल्या शाखेत गर्दी झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमाराला गर्दी आवरेना म्हणून शाखाधिकाऱ्याने शटर अर्ध्यावर ओढलं. आतल्या लोकांचे पैसे द्यायचे आणि मग बाहेरच्यांना घ्यायचं, इतकाच त्याचा हेतू. त्या अर्ध्या शटरखालून वाकून आत बघणाऱ्या एका बाईंचा फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात आला. त्या दिवशी आमच्या नऊच्या नऊ शाखांत रांगा होत्या. तिजोरीत रोकड होती, शिखर बँकेतून आणखी येत होती, पण लोकांना दिसलं ते शटर.

मग आम्ही उलट वागलो. वेळ संपली तरी शेवटच्या माणसापर्यंत काउंटर चालू ठेवले. उन्हात उभ्या असलेल्यांसाठी मांडव घातला, खुर्च्या आणल्या, माठ ठेवले. एकाचे तीन कॅशियर केले. सरव्यवस्थापक केबिन सोडून दिवसभर रांगेत उभे राहिले. एका निवृत्त शिक्षकांनी त्यांना विचारलं, "मुलीचं लग्न मेमध्ये आहे. काढू का ठेवू, तुम्ही सांगा." आमचे साहेब म्हणाले, "गुरुजी, तुमचा जीव टांगणीला लागत असेल तर काढा. आत्ता देतो." गुरुजींनी पैसे काढले, मोजले आणि तासभर बाहेरच्या खुर्चीत बसून राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "मिळाले हो, सगळे मिळाले." माझ्या चार प्रेसनोटांनी जे झालं नाही ते त्यांच्या त्या शब्दाने झालं. पाचव्या दिवशी रांग ओसरली.

तुम्ही उद्या सकाळी शाखा उघडायच्या आत फलक लावा. 'निव्वळ अफवा', 'खोडसाळपणा', 'संस्था भक्कम आहे' असले शब्द त्यात नकोत. बुडालेल्या संस्थाही शेवटपर्यंत हेच म्हणत असतात. साधारण असं लिहा :

"आपल्या संस्थेबद्दल एक मजकूर फिरतो आहे. बंद पडलेल्या संस्थेशी आपला कोणताही आर्थिक व्यवहार नाही. कालअखेर आपल्याकडे ठेवी इतक्या, कर्जं इतकी, थकबाकी इतके टक्के, इतर बँकांत ठेवलेली रक्कम इतकी. लेखापरीक्षण अहवाल काउंटरवर ठेवला आहे, कोणीही वाचावा. मुदतीआधी ठेव मोडल्यास नियमाप्रमाणे व्याज कमी होईल, पण पैसे त्याच दिवशी मिळतील. मोठ्या रकमेसाठी कृपया एक दिवस आधी सांगा."

खाली चेअरमन आणि व्यवस्थापक दोघांच्या सह्या आणि दोघांचे मोबाइल नंबर. आकडे खरे घाला. थकबाकी तुम्हाला अवघड वाटावी इतकी असली तरी तीच घाला. आणि 'त्याच दिवशी' लिहिलंत तर त्याच दिवशी द्या. जमणार नसेल तर दोन दिवस लिहा.

एक गोष्ट मात्र कोणालाही लिहू किंवा बोलू देऊ नका, ती म्हणजे 'तुमच्या ठेवींना सरकारची हमी आहे' किंवा 'पाच लाखांचा विमा आहे'. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, सहकारी बँकांतल्याही. ते १९९३ पासून एक लाखापर्यंत होतं, ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत झालं. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. तुमच्यातल्याच एखाद्या हळव्या कर्मचाऱ्याच्या तोंडून घाबरलेल्या आजीला धीर देताना हे वाक्य निघून जातं. नंतर ते खोटं ठरलं की तुमचे खरे आकडेही कोणी ऐकत नाही.

रोजची बचत गोळा करणारे तुमचे पिग्मी एजंट किती? फोनवर तुम्ही अकरा म्हणालात. गावात तुमची जी काही पत आहे ती या अकरा जणांच्या खांद्यावरच्या पिशवीत आहे. ते रोज संध्याकाळी दुकानादुकानात, दारादारात जातात आणि लोक त्यांना नावाने ओळखतात. पण माझ्या अनुभवात संकटाच्या वेळी संचालक मंडळाला सगळ्यात शेवटी आठवतात ते हेच. त्यांना आज संध्याकाळी बोलवा, चेअरमननी स्वतः त्यांच्याशी बोलावं, फलकावरचेच आकडे एका कागदावर द्या. त्यांच्या मनातल्या शंका त्यांना विचारू द्या, त्यांचेही पैसे तुमच्याकडेच असतील. आणि सांगा, उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही, साहेबांना विचारून उद्या सांगतो' म्हणा आणि उद्या खरंच सांगा.

पोलिसांत अर्ज दिलात ते ठीक. पण 'अफवा पसरवणाऱ्यावर गुन्हा दाखल' ही बातमी म्हणजे तुमचं उत्तर समजू नका. ठेवीदाराला माणूस पकडला का याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला त्याचा पैसा दिसायला हवा. एप्रिल २००३ मध्ये गुजरातमध्ये आयसीआयसीआयसारख्या मोठ्या बँकेबद्दल अशीच आवई उठली आणि एटीएमपुढे रांगा लागल्या. तेव्हाही कामाला आली ती ठिकठिकाणी पोहोचवलेली रोकड आणि बँकेकडे पुरेसा पैसा असल्याचं रिझर्व्ह बँकेचं जाहीर सांगणं. तुम्हीही जिल्हा बँकेच्या किंवा सहकार खात्याच्या अधिकाऱ्याला शाखेत येऊन तासभर बसायची विनंती करून बघा.

प्रश्न : मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत लेखा विभागात आहे. आमच्याकडे जनसंपर्कासाठी दोन माणसं आहेत. दिवाळी अंक, शुभेच्छापत्रं, साहेबांच्या सत्काराचे फोटो यापलीकडे वर्षभर त्यांचं काम दिसत नाही. काही अघटित घडलं तरच त्यांचा उपयोग, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. चुकतंय का?
— एक वाचक, चाकण

उत्तर : ते फक्त फोटोच काढत असतील तर तुमचं बरोबर आहे. पण अघटित घडेल तेव्हा उपयोग होईल हे म्हणणं मला पटत नाही. तेव्हा फार उशीर झालेला असतो. हे मी एका फाटकापाशी शिकले.

डिसेंबर १९८४. भोपाळची बातमी आली, २ तारखेची रात्र आणि ३ ची पहाट. चार-पाच दिवसांनी आमच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर शेजारच्या वाडीतली साठ-सत्तर माणसं येऊन उभी राहिली. घोषणा नाहीत, दगड नाहीत. एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुमच्या टाक्यांत काय आहे?" मी आत गेले, वर्क्स मॅनेजरांना विचारलं. ते म्हणाले, "त्यांना काय कळणार? काही घातक नाही म्हणून सांग." त्यांना दोष देऊन भागणार नाही. पाच वर्षं मी तिथे नोकरी करत होते आणि मलाही माहीत नव्हतं टाक्यांत काय आहे. वाडीतल्या शाळेला आम्ही दरवर्षी वह्या वाटायचो, त्याचे फोटो माझ्याच कपाटात होते. पण वारा कुठल्या दिशेला असताना कुठे पळायचं हे त्या मुलांना कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांना कामगारांना व आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती देणं बंधनकारक झालं. आमच्याकडे त्याआधीच, १९८५ च्या उन्हाळ्यात, एका तरुण केमिस्टने आणि मी वाडीतल्या देवळात बसून दहा-दहा जणांना टाक्यांचा नकाशा समजावला. कुठल्या टाकीत काय, भोंगा किती वेळा वाजला तर काय करायचं, ओलं फडकं नाकाला कसं लावायचं. व्यवस्थापनाला भीती होती की लोक आणखी घाबरतील. काही घाबरले. काहींनी अवघड प्रश्न विचारले आणि त्यातल्या एका प्रश्नामुळे एका टाकीभोवतीचा बांध उंच करावा लागला. पण तीन वर्षांनी रात्री वायुगळतीचा भोंगा वाजला तेव्हा वाडीतली माणसं दगड घेऊन फाटकावर आली नाहीत. ठरलेल्या बाजूला गेली आणि पहाटे परत येऊन आम्हाला विचारलं, कोणाला लागलं का.

तुमच्या त्या दोघांना जाऊन विचारा, शेजारच्या गावातल्या किती जणांना ते नावाने ओळखतात आणि गेल्या महिन्यात तक्रारवहीत काय काय आलं. उत्तर देता आलं तर त्यांचा पगार वसूल आहे असं समजा.

प्रश्न : आमचा बारा बायकांचा बचत गट फराळाचं साहित्य करतो. या दिवाळीत एका ताईंनी आमच्या चिवड्याच्या पाकिटात अळी निघाल्याचा व्हिडिओ टाकला. आमच्या एका सभासदाने रागाने त्याखाली लिहिलं, 'तुमच्या घरी डबा उघडा राहिला असेल.' त्यावर दोनशे लोक तुटून पडले. आमची स्वच्छता चोख आहे हो. सहा वर्षांची मेहनत पाण्यात जाणार का?
— बचत गटाच्या अध्यक्ष, सातारा जिल्हा

उत्तर : नाही जाणार. पण ते वाक्य आधी मागे घ्या. पुसून टाकू नका, कारण कोणीतरी त्याचा फोटो काढून ठेवलेलाच असतो. त्याच्याच खाली लिहा, 'हे उत्तर चुकीचं होतं, आम्ही माफी मागतो.'

तुमच्या सभासदाने केली तीच चूक कॅडबरीसारख्या कंपनीनेही केली होती. ऑक्टोबर २००३, दिवाळी तोंडावर आणि मुंबईत डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने साठा ताब्यात घेतला. कंपनीचं पहिलं म्हणणं होतं की कारखान्यात काही चूक नाही, दुकानात साठवण नीट होत नाही. त्यावर सरकारी बाजूने सरळ विचारणा झाली, मग तुमचं वेष्टन कशासाठी असतं? गिऱ्हाईक म्हणून मी तेव्हा हेच म्हणत होते. माझ्या भाच्याच्या हातातलं चॉकलेट मी काढून घेतलं होतं. दोष दुकानदाराचा का कंपनीचा याची चौकशी मी करणार नव्हते.

नंतर मात्र कंपनीने नीट पावलं टाकली. 'विश्वास' नावाची मोहीम काढून दुकानदारांना साठवणीचं शिक्षण दिलं आणि जानेवारी २००४ मध्ये नवं वेष्टन आणलं. आतला ॲल्युमिनियमचा कागद जाड आणि बंद, त्यावर सगळ्या बाजूंनी चिकटवलेलं प्लास्टिकचं पाकीट. त्यानंतर अमिताभ बच्चन जाहिरातीत आले. लोकांना अमिताभच लक्षात राहिला. पण पाकीट बदललं नसतं आणि नुसता अमिताभ आला असता, तर दुसरी अळी निघायला वेळ लागला नसता आणि मग कोणाच्याही शब्दाला किंमत उरली नसती. गळकं पाकीट आपलंच होतं असं समजून त्यांनी ते बदललं, हा त्यातला खरा भाग.

तुमचं तेच. त्या ताईंच्या घरी जा. शक्यतो दोघी जा, त्यात जिने ते वाक्य लिहिलं ती एक असू दे. पैसे परत द्या, पाकीट मागून घ्या आणि बघा, शिवण कुठे सुटली आहे? कुठल्या दिवशीचा घाणा होता? शेंगदाणे किंवा डाळं कुठल्या पोत्यातलं? तुमच्या पाकिटावर घाण्याची तारीख आणि क्रमांक आहे का? नसेल तर हे पहिलं काम. तो नसला की एका वाईट पाकिटासाठी सगळा माल संशयात येतो, असला की तुम्ही सांगू शकता, 'अमुक तारखेची ऐंशी पाकिटं परत घेतो आहोत, कोणाकडे असतील तर आणा.'

लोकांना कळवताना लॅबचा कागद पुढे करण्याची घाई नको. २०१५ मध्ये मॅगीचं काय झालं ते बघा. जूनमध्ये देशभर बंदी आली, १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण कंपनीचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्या ग्राह्य नव्हत्या. नोव्हेंबरमध्ये मॅगी दुकानात परतली. म्हणजे कायद्याने कंपनी जिंकली. पण पहिल्या आठवड्यांत आया विचारत होत्या 'पोराला देऊ का नको?' आणि कंपनीकडून मिळत होती तपासण्यांची भाषा. तुमच्या गिऱ्हाइकाला तुमच्या चुलीजवळ काय बदललं ते हवं आहे. चाळणी बदललीत? पाकीट बंद करायचं यंत्र आणलंत? डाळं दोनदा भाजता? तेच सांगा, त्याच ताईंना कारखाना बघायला बोलवा आणि त्यांनी होकार दिला तरच त्याचा फोटो टाका.

आणि ज्या सभासदाने रागाने लिहिलं तिला गटातून बाजूला काढू नका. सहा वर्षं जिने पहाटे उठून चिवडा केला तिला राग येणारच. इथून पुढे उत्तर लिहिण्याआधी दोघींनी वाचायचं, एवढं ठरवा.

प्रश्न : मी एका खाजगी रुग्णालयात जनसंपर्क विभागात दीड वर्षापासून आहे. मागच्या महिन्यात शस्त्रक्रियेनंतर एका रुग्णाचा मृत्यू झाला, नातेवाईक संतापले. मला 'रुग्ण आधीपासून गंभीर होता, उपचारांत कोणतीही त्रुटी नाही' असं निवेदन तयार करायला सांगितलं, तेव्हा चौकशी सुरूही झाली नव्हती. आता गूगलवर वाईट अभिप्राय वाढले म्हणून एका एजन्सीकडून शंभर चांगले अभिप्राय विकत घ्यायचं काम माझ्याकडे दिलं आहे. झोप लागत नाही. घरात मी एकटीच कमावती आहे.
— नाव नको, विदर्भ

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. नोकरी सोड असं इथे बसून सांगणं मला सोपं आहे, म्हणून ते सांगत नाही. मी तुझ्या वयाची असताना काय केलं ते आधी सांगते.

१९८३ साल. कारखान्यात एका रिॲक्टरचं झाकण उडालं. कंत्राटी कामगार भाजले. वरिष्ठांनी मजकूर सांगितला आणि मी टाइप केला, 'किरकोळ दुर्घटना. दोघांना प्राथमिक उपचार. उत्पादन सुरळीत.' मी सिव्हिल हॉस्पिटलला फोन केला नाही. करता आला असता, टेबलावर फोन होता. रात्री दहाला त्यातला एक जण गेला. सकाळच्या पेपरात आमची नोट आणि त्याच्या बायकोचा फोटो शेजारी शेजारी होते. तेराव्याला मी त्यांच्या घरी गेले. तिच्या भावाने शांतपणे विचारलं, "किरकोळ तुम्ही लिहिलं होतं का?" मी हो म्हणाले. पुढे पाच वर्षं मी त्या कारखान्यात होते. त्या गावातला वार्ताहर माझी प्रत्येक नोट आल्यावर आधी सिव्हिलला फोन लावायचा. मी खरं लिहायचे तेव्हाही.

म्हणून निवेदनाबद्दल आधी. ज्याची चौकशी झालेली नाही त्याबद्दल 'त्रुटी नाही' हे लिहायचं नसतं. 'त्रुटी झाली' हेही नाही. लिहायचं ते इतकंच, की मृत्यू झाला, कुटुंबाशी अमुक वरिष्ठ डॉक्टर बोलले आहेत, चौकशी अमुक जण करत आहेत, अमुक तारखेपर्यंत निष्कर्ष आधी कुटुंबाला कळवू. रुग्णाच्या जुन्या आजारांचा उल्लेख तर नकोच. ती त्याची खाजगी गोष्ट आहे, मेल्यावरही. आणि नातेवाइकांना ते पेपरात वाचायला मिळालं तर 'आमच्या माणसावरच ढकलतात' याखेरीज त्यांच्या मनात काय येणार?

अशा वेळी खरं काम निवेदनाच्या आधी असतं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः, बसून, दार लावून, मराठीत बोलायला हवं. कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या, 'कार्डिॲक अरेस्ट' एवढं म्हणून निघून जाणं नव्हे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर केसपेपर ७२ तासांत द्यावे लागतात. तुमच्याकडे ते दिले का, हे विचार. कित्येक ठिकाणी तोडफोड कागद अडवल्यामुळे झालेली मी ऐकली आहे. कागद अडवला की लोकांना वाटतं, यात काहीतरी आहे.

आता विकतचे अभिप्राय. हे करू नकोस. आजारी माणूस ते वाचून तुमच्याकडे पोट उघडायला येणार आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानकच काढलं, ते याच प्रकाराला आवर घालण्यासाठी. वरिष्ठांशी बोलताना पापपुण्याची भाषा मात्र वापरू नकोस. हिशेब मांड. गेल्या सहा महिन्यांतले सगळे वाईट अभिप्राय छापून काढ आणि त्यांची वर्गवारी कर. बिल समजावलं नाही हे किती, सोडायला सहा तास लावले हे किती, सिस्टर ओरडल्या हे किती, उपचाराबद्दल किती. मला वाटतं बिल आणि ताटकळणं यांचाच ढीग मोठा निघेल, रुग्णालयांत बहुतेक तसंच असतं. तो कागद घेऊन जा आणि म्हण, एजन्सीला द्यायचे पैसे डिस्चार्जच्या टेबलावर आणखी एक माणूस बसवायला द्या, तीन महिन्यांत फरक दाखवते. आणि हे सगळं ईमेलवर लिही. मृत्यूच्या निवेदनाबद्दलचं तुझं मतही. आदराने, चार ओळींत.

ऐकलं नाही तर? मग 'हे काम मी करणार नाही, बाकी सगळं करीन' इतकं सांगून बघ. माझ्या पाहण्यात असं सांगणाऱ्या तिघींपैकी दोघींची नोकरी टिकली. एकीची गेली, हेही तुला सांगायला हवं. त्या आधीच दुसरीकडे अर्ज टाकायला सुरुवात कर. माझा पत्ता संपादकांकडे आहे, तिथून माग आणि मला लिही.

प्रश्न : मी बारावीत आहे. जनसंपर्क क्षेत्रात यायचं आहे. काय शिकू? हा धंदा खोटं बोलण्याचा आहे असं बाबा म्हणतात.
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : बाबांना सांग, त्यांचा संशय जुना आहे आणि त्याला कारण आहे. या व्यवसायाच्या पहिल्या माणसांपैकी एक, अमेरिकेतले आयव्ही ली. १९०६ मध्ये रेल्वेचा अपघात झाला तेव्हा बातमी दडपण्याऐवजी त्यांनी वार्ताहरांना अपघाताच्या जागी नेण्याची व्यवस्था केली, माहिती दिली. आणि याच लींनी १९१४ मध्ये कोलोरॅडोतल्या लडलो इथे संपावरच्या खाणकामगारांचे, त्यांच्या बायकामुलांचे जीव गेल्यावर मालकांच्या बाजूने पत्रकं काढली, ज्यात चुकीची माहिती होती. माणूस एकच. तू यातला कुठला होशील हे बाबांनाही आज सांगता येणार नाही.

शिक्षणाचं म्हणशील तर पदवी कुठलीही घे, पुढे पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी पत्रकारिता आणि संज्ञापन शिकता येतं. पण वाट बघू नकोस. तुमच्या भागात उन्हाळ्यात पाण्याचे टँकर येत असतील. एक महिना ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन पाण्याच्या तक्रारींची वही वाच. प्रत्येक तक्रारीला काय उत्तर दिलं गेलं, किती दिवसांनी आणि पाणी खरंच आलं का, हे तीन रकान्यांत लिहून काढ. मग त्यातल्या पाच घरी जाऊन विचार की त्यांना काय आठवतं. ते लिहिलेलं मला पाठव, मी वाचीन.